बेचाळीस रात्रींचे आबा

सरदारपूरला आबांकडे मुक्कामाला जाणाऱ्याने रात्रीची जेवणं आटोपल्यावर आपली कुठलीही तक्रार सांगू नये. आबांकडे प्रत्येक तक्रारीवर औषध आहे आणि ते एकाच पुस्तकात आहे. बायकोशी वाजलं असेल तर ‘अर्धनारी नटेश्वर’, पोरगं ऐकत नसेल तर ‘श्यामचे पोहणे’, अन्नावर वासना नसेल तर ‘अळणी भाजी’. आणि पाहुणा म्हणालाच की माझं सगळं उत्तम चाललंय, तर मग घाई कसली, पहिल्यापासून घेऊ. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’तल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं, ते आबांनी अक्षरशः पाळलं आहे. दिवसा ते पुस्तकाला हात लावत नाहीत. दिवसा आबा म्हणजे एक सज्जन निवृत्त गृहस्थ; बाजारातून गिलकी आणतात, वीज गेली की सरकारला दोन शब्द सुनावतात, दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपतात. रात्री साडेआठला ओट्यावर सतरंजी पडली की त्यांच्या अंगात वेगळंच काहीतरी येतं.

हा प्राणी दुर्मीळ नाही. मराठी माणसांनी महाराष्ट्राबाहेर दोनचार पिढ्या काढल्या, तिथे एकेक आबा आहेच. ग्वाल्हेरच्या आबांकडे गाण्याच्या बैठकींच्या आठवणी असतात, बडोद्याच्या आबांकडे सयाजीरावांच्या. मालव्यातल्या आडगावच्या आबांना असा काही दरबार लाभलेला नसतो, म्हणून ते पुस्तक धरून बसतात. धार आणि देवासला पवार आले, इंदूरला होळकर, ग्वाल्हेरला शिंदे. त्यांच्यामागोमाग फडणीस, कारकून, भटजी, आचारी. सरदारपूर तेव्हा शिंद्यांच्या अमझेरा जिल्ह्यातलं. इंग्रजांच्या भोपावर एजन्सीचं ठाणं इथे होतं, भिल्ल पलटणही इथे होती. आबांचे पणजोबा त्या सगळ्यात कुठेतरी कागद लिहायला आले आणि राहिले. १९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विरली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. दफ्तर हिंदीत गेलं, बाजार पहिल्यापासून मालवीत होताच. मराठी घरात उरली, आणि आबांच्या घरी तिच्या राखणीचं काम या पुस्तकावर पडलं.

आबा स्वतः जी मराठी बोलतात ती गुरुजींना कितपत कळली असती, शंकाच आहे. “काय करून राहिला रे तिकडे? चाय पिऊन घे आणि बसून जा इथे, श्यामची आई कधीची आवाज देऊन राहिली!” ही झाली वाचनाची प्रस्तावना. पुस्तक उघडलं की तोच माणूस ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे उच्चार डोळे मिटून करतो. नातवंडांची अशी समजूत आहे की आबांना दोन भाषा येतात आणि दुसरी फक्त चष्मा लावल्यावर येते.

प्रत आबांच्या आईची. ती धारची, लग्न होऊन सरदारपूरला आली आणि तिच्यापुरता प्रवास तिथे संपला. पुस्तकातलं, दापोली तालुक्यातलं पालगड हे इकडच्या मनावर गावाच्या पुढे कुठेतरी घाटात असावं असं तिला वाटे, आणि घरातल्या कुणालाच त्यात काही खटकलं नाही. पुस्तकाला जुन्या ‘नईदुनिया’ पेपरचं कव्हर आहे. सुरुवातीची पानं गेली आहेत, त्यामुळे आवृत्ती कितवी ते कळायला मार्ग नाही. आबांच्या मते पहिली, १९३५ची. यावर वाद घालू नये. शेवटच्या प्रकरणांच्या पानांवर पिवळे डाग आहेत. ते आईचे अश्रू असल्याचं आबा हलक्या आवाजात सांगतात. त्याच वेळी आतून आबांच्या पत्नी माई मोठ्या आवाजात सांगतात की त्या वर्षी छपराचे कवेलू गळत होते.

आबांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध मात्र हिशोबातला आहे. पुस्तकात रात्री बेचाळीस. मे महिन्याचे दिवस एकतीस. १ मेला पहिली रात्र धरली की बेचाळिसावी येते बरोबर ११ जूनला, आणि ११ जून म्हणजे १९५० साली गुरुजी गेले तो दिवस. शिवाय १ मे हा महाराष्ट्र दिन. शिवाय १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले, तेही १ मेलाच. शिवाय इथल्या शाळांना सुटी लागते तीही मे उजाडला की. एवढा योग जुळून आल्यावर माणसाच्या हातात उरतं काय! आबांच्या उमेदीच्या काळात भाचे, पुतणे, शेजारची पोरं सुटीभर इथे असत आणि बेचाळीस रात्री यथासांग होत. आता नातू इंदूरहून येतो, नात पुण्याहून; दोघं मिळून आठदहा दिवस टिकतात. त्यामुळे दिवसाला चारपाच रात्री उरकाव्या लागतात. कुणी कुरकुर केली की आबा नाशिकच्या तुरुंगाचा दाखला देतात. फेब्रुवारी १९३३ मध्ये गुरुजींनी तिथे पाच दिवसांत या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. “त्यांनी पाच दिवसांत लिहून टाकलं, आणि तुला ऐकून घ्यायला आठ दिवस जास्ती होऊन राहिले?”

ऐकणाऱ्यांपुढे खरी अडचण वेगळीच असते. पुस्तकात कोकण आहे. फणस, भात, पाट, आगर, समुद्र. ओट्यासमोर मालवा आहे. गहू, सोयाबीन, पळस आणि चाळीसच्या पुढे गेलेला पारा. आबांनी कोकण आयुष्यात पाहिलेलं नाही. आबांच्या आईनेही नव्हतं पाहिलं. पण तिने जे जसं समजावून दिलं, ते आबा तसंच पुढे देतात. त्यांच्या कोकणात म्हणून फणसाच्या जागी सीताफळ येतं आणि भाताची खाचरं हरभऱ्याच्या शेताच्या मापाची असतात. समुद्राचं काय करायचं? तर समुद्र म्हणजे आपली मही जिथे जाऊन पडते ते. मही याच तहसिलीतल्या मिंडा गावाजवळ उगम पावते आणि खंबातच्या आखाताला मिळते, तेव्हा भूगोल म्हणून व्याख्या चोख आहे. त्यावर आबा हटकून जोडतात की कर्कवृत्त दोनदा ओलांडणारी नदी म्हणजे आपली मही. नातवाने एकदा ओट्यावरून उठून, नदीपर्यंत जाऊन, परत येऊन अहवाल दिला की आबा, मेमध्ये इथून समुद्राला काहीही जात नाहीये. आबांनी त्याला खाली बसवलं आणि ‘सांब सदाशिव पाऊस दे’ घेतलं. ती रात्र मे सरता सरता येते. मग पाऊस येतो, पावसामागून माळावर खरमोर पक्षी येतात; त्यांच्यासाठी सरदारपूरला १९८३ पासून अभयारण्य आहे. पाऊस आणि पक्षी दोन्ही आपल्या वाचनाला येतात, असं आबा उघडपणे म्हणत नाहीत. फक्त जुलैत पहिला खरमोर उडी मारताना दिसला की “वाचून टाकलं होतं ना आपण वेळेवर,” एवढंच पुटपुटतात.

पुस्तक आपलंच आहे याचा आबांकडे एक पक्का पुरावाही आहे. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. त्यातली आई कोण? वनमाला. जन्म कुठला? उज्जैनचा. संपला विषय. कोकणाने मुलगा दिला असेल, आई मालव्याने दिली. २०२३ साली निघालेल्या नव्या ‘श्यामची आई’लाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्याबद्दल आबा गप्प असतात. त्यातल्या कुणाचं आजोळ उज्जैनला आहे का, याची चौकशी अजून चालू आहे.

आता पत्रावळीचं प्रकरण, कारण ते घडलं त्या वर्षी मी तिथे होतो. त्या रात्रीत पत्रावळ लावायचा कंटाळा करणाऱ्या श्यामला आई चांगलाच धडा देते. वाचून झाल्यावर आबांना स्फुरण चढलं आणि त्यांनी जाहीर केलं की उद्या दुपारी ज्याची त्याची पत्रावळ ज्याने त्याने लावायची. नाही लावणार तो नाही जेवणार. सकाळी पळसाची, म्हणजे इथल्या भाषेत खाकऱ्याची, पानं आली. कडुलिंबाच्या काड्या तासल्या गेल्या. नातीने मोबाइलवर बघून बरी म्हणावी अशी पत्रावळ लावली. नातवाची चौकोनी झाली, पण ती पत्रावळ असल्याचं सांगितलं की ओळखू येत होती. आबांनी तासाभरात अकरा पानं फाडली आणि पानं यंदा चांगली आली नसल्याचा निर्णय दिला. अंगणात धान्य निवडायला आलेली भिल्ल बाई हे सगळं बघत होती. तिने न विचारता चार पानं उचलली, बोलता बोलता टाके घातले, ताटाएवढं गोल पान आबांच्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं की या पुस्तकातल्या पोराला हे इतक्या मोठेपणी का शिकवत होते. तिच्या घरी पाच वर्षांची पोर करते.

आबा त्या पानावर बसायला निघाले, तेवढ्यात सूनबाई आडव्या आल्या. सूनबाई ठाण्याच्या, शिक्षिका, आणि पुस्तक त्यांनीही वाचलेलं. “नियम तुमचाच आहे ना, आबा?” आबांनी माईंकडे पाहिलं. माईंनी वरण ढवळलं. शेवटी मांडवली अशी झाली की पत्रावळ नाही तर नाही, पण पानात शेकून का होईना काहीतरी मिळावं. मग त्या बाईच्या सल्ल्याने मक्याच्या पिठाचे पानिये खाकऱ्याच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजले. आबांनी पाच खाल्ले. पुस्तकात हे असतं तर श्याम पत्रावळ लावायला पहिल्याच दिवशी शिकला असता, असं त्यांचं मत पडलं.

‘अळणी भाजी’चा प्रयोग मात्र सपशेल फसला. त्या रात्रीत आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील एका शब्दाने बोलत नाहीत, मुकाट्याने जेवतात. हा प्रसंग वाचताना आबांचा गळा दरवर्षी दाटतो. तोच माणूस ताटात भाजी पडली की चव घेण्याआधी वरून जिरावण मसाला भुरभुरवतो. सूनबाईंनी ठरवून दुसऱ्या दिवशी गिलक्याच्या भाजीत मीठ घातलं नाही. सगळे श्वास रोखून बसले. आबांनी घास घेतला, क्षणभर थांबले, आणि हात लांब करून म्हणाले, “सेंव दे इकडे.” मूठभर सेंव भाजीवर पडली आणि प्रसंग संपला. मालव्यात ती गोष्ट घडूच शकत नाही. इथे संयमाची कसोटी लागण्याआधी सेंव पोचते.

सगळ्याच रात्री अशा हसत जात नाहीत. ‘देवाला सारी प्रिय’मध्ये श्यामची आई त्याला म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यायला पाठवते. आबांनी तो प्रसंग इतका रंगवून वाचला की गल्लीतले दोघं थांबून ऐकू लागले. ओट्याच्या पायरीवर ती धान्य निवडणारी बाईही बसली होती. नातीने विचारलं, “आबा, मावशींचा चहाचा ग्लास वेगळा का असतो?” आबा म्हणाले, तिला तो ग्लास आवडतो. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी आबांचा चहा त्याच ग्लासात आणून ठेवला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून तो ग्लास बाकीच्या ग्लासांत मिसळला आणि कुणाच्या हातात कुठला येतो ते बघायचं सोडून दिलं गेलं. पुस्तकाचा परिणाम म्हणायचा तर तो माईंवर झालेला मी पाहिला, आणि त्या कधी ओट्यावर बसून ऐकत नाहीत, आतून ऐकतात.

मे संपला की पुस्तकाचा सूर बदलतो. १ जूनला येते ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, आणि इथे आबांची खरी कुचंबणा सुरू होते. आबांनी उभी हयात एका सहकारी बँकेत काढली. वसुली विभागात. सोयाबीन बुडालं म्हणून हात जोडणारी माणसं, ट्रॅक्टरच्या हप्त्याला दारामागून “घरी नाहीत” म्हणणारी माणसं, हे त्यांचं रोजचं काम. त्यामुळे सावकाराचा माणूस श्यामच्या दारात येऊन बसतो आणि आईला नाही नाही ते ऐकवतो, तिथे आबांचा आवाज चमत्कारिक होतो. आईसाठी डोळे भरून येतात, तेव्हाच त्या माणसाबद्दलही काहीतरी वाटत असतं. एका वर्षी त्यांनी वाचन थांबवून श्रोत्यांना सांगितलं की त्याचं बोलणं चूक, शंभर टक्के चूक, पण त्यालाही वर जाऊन हिशोब द्यायचा असतो, हे गुरुजींनी लिहायला हवं होतं. ओट्यावर त्या दिवशी दोन कर्जदार होते. त्यांनी मान डोलावली नाही. लिलावाची दवंडी पिटली जाते त्या प्रकरणाला तर आबांना नेमका खोकला होतो आणि पुस्तक सूनबाईंकडे जातं.

सूनबाई ते वेगळंच वाचतात. त्यांच्या वाचनात आई रडवत नाही, चीड आणते. कोर्टकचेऱ्या कुणी केल्या? कर्ज कुणी काढलं? सोसलं कुणी? आबांच्या आईला हे पुस्तक म्हणजे देवघरातला दिवा होता. आबांना ते शिस्तीचं पुस्तक वाटतं, तेही दुसऱ्यांच्या शिस्तीचं. सूनबाईंना त्यात एका बाईचा जीव कसा गेला याचा जबाब दिसतो. माझ्या मते तिघांत सूनबाईंचं वाचन सगळ्यात बारीक आहे, पण ओट्यावर मत विचारलं जात नाही.

आणि मग त्या वर्षी नातवाने बाँब टाकला. दहा वर्षांचा मुलगा, इंग्रजी शाळेत जाणारा, मराठी अक्षरं हिंदीच्या जोरावर वाचणारा. तो शांतपणे ऐकत होता, यातच आबांनी ओळखायला हवं होतं. त्याने वहीत यादी केली होती. पोहायला जायचं नाही म्हणून माळ्यावर लपून बसला. फुलं आपल्यालाच मिळावीत म्हणून कळ्याच तोडून आणल्या. घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे चोरले, पुस्तकं घ्यायला का होईना. एकदा तीर्थयात्रेच्या नावाखाली पळून गेला. “आबा,” तो म्हणाला, “हा श्याम तर माझ्याहून जास्त बदमाश आहे.”

आबांचा चेहरा बघवेना. साठबासष्ट वर्षं त्यांनी हे पुस्तक गुणी मुलाचं म्हणून वाचलं होतं. श्यामसारखा हो, असं त्यांनी तीन पिढ्यांच्या पोरांना सांगितलं होतं. त्यांनी पानं चाळली. चोरी होती. लपणं होतं. सगळं तिथेच, त्यांच्याच आवाजात कितीदा वाचून झालेलं. नातवाचं म्हणणं खरं होतं, आणि गुरुजींनी ते लपवलंही नव्हतं. आपले गुन्हे आपणच सांगणारा लेखक आहे तो. पोरगं एवढं द्वाड नसतं तर आईला एवढं काम पडलं नसतं आणि पुस्तकही झालं नसतं. पाठ्यपुस्तकांनी त्याचे निवडक उतारे घेऊन घेऊन श्यामला पार सोवळा करून टाकला, त्यात गुरुजींचा दोष नाही.

दुसऱ्या रात्री आबा वाचायला बसले ते आरोपीच्या वकिलासारखे. प्रत्येक गुन्ह्यापाशी थांबून परिस्थिती समजावून सांगत होते. नातू सरकारी पक्षाकडून उलटतपासणी घेत होता. सूनबाई मध्येच उठून वडिलांना आरोपी करा म्हणून अर्ज देत होत्या. गल्लीतली पोरं पहिल्यांदाच न बोलावता आली. त्या वर्षी नातवाने मुक्काम चार दिवस वाढवला, निकाल ऐकायचा म्हणून. निकाल काय लागला ते मला कळलं नाही, मला त्याआधी निघावं लागलं. पण आता नातू इंदूरहून फोन करून विचारतो की यंदाची तारीख कधीची आहे.

वाचकांपैकी कुणाचं मे महिन्यात मोहनखेड्याला किंवा मांडवगडला जाणं झालं, तर सरदारपूरला वाट वाकडी करायला हरकत नाही. मात्र तयारीने जावं. गुरुजींना जाऊन साठ वर्षं उलटल्यावर १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’वर कुणाचा हक्क राहिलेला नाही, कितीतरी प्रकाशकांनी ती काढली आहे, स्वस्त आवृत्त्याही आहेत. एखादी घेऊन आधी वाचून ठेवावी. पुस्तक वाचलंय असं सांगितलं की आबा वाचून दाखवत नाहीत. फक्त परीक्षा घेतात, आणि ती दीड तासात आटोपते.